कॉट कुणाची?

गेल्या रविवारी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाचीनं वसतिगृह सोडलं होतं आणि तिचं पाच वर्षांचं बिऱ्हाड छोट्या हत्तीतून आमच्या दारात उतरलं होतं. पत्र्याची एक ट्रंक, पुस्तकांच्या तीन गोण्या, सुतळीनं आवळलेली गादी, बादली, बादलीत मग, मगात चमचे; आणि टॉवेलात गुंडाळलेली एक इंडक्शनची शेगडी. भाड्याची नवी खोली मिळणार एक तारखेला. वसतिगृहाची मुदत संपली त्याच्या आठ दिवस आधी. मधल्या आठ दिवसांचा पत्ता आमचा.

ती पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. विद्यापीठाचं नाव छापायचं नाही, असं तिनं मला बजावलंय. प्रबंध अजून जमा व्हायचा आहे.

तात्या, म्हणजे माझे थोरले भाऊ, सामान उतरवायला म्हणून आले होते. सांगोल्याहून शिकायला पुण्यात आले ते इथलेच झाले. महाविद्यालयात मराठी शिकवलं आणि अकरा वर्षं मुलांच्या वसतिगृहाचं रेक्टरपद सांभाळलं. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण नजर गेली नाही. चहाचा कप हातात घेतला आणि बरोब्बर टॉवेलाकडे बघितलं.

तात्या : ही खोलीत वापरत होतीस?

भाची : हो.

तात्या : मी अशा शेगड्या पोतंभर जप्त केल्यात. तेव्हा कॉइलच्या असायच्या.

भाची : जप्त करून काय करायचात?

तात्या : वर्षअखेर परत द्यायचो. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जप्त करायचो.

भाची : म्हणजे नियमावर तुमचाही विश्वास नव्हता.

तात्या : वायरिंगवर नव्हता. जुनी इमारत, एका मजल्यावर वीस खोल्या. वीस शेगड्या एकदम लागल्या तर काय होईल, याची काळजी रेक्टरनं करायची असते. तुम्हाला मेस असते ना जेवायला?

भाची : मेस रात्री नऊला बंद होते आणि रविवारी संध्याकाळी उघडतच नाही. मी प्रयोगशाळेतून येते अकराला. कॉलम लावला की उठता येत नाही तात्या. काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरायची, वरून मिश्रण सोडायचं आणि एकेक पदार्थ सुटा होऊन खाली येईपर्यंत परीक्षानळ्या बदलत बसायचं. मध्येच उठलं आणि कॉलम सुकला, तर आठवड्याचं काम मोरीत. खाडा धरायचा तर आधी कळवावं लागतं, आणि सिलिका काही आधी कळवत नाही. त्यामुळे न जेवलेल्या जेवणाचेही पैसे भरायचे आणि खोलीत चोरून खिचडी लावायची.

तात्या : आणि गेट?

भाची : गेट दहाला. उशीर झाला की वहीत कारण लिहायचं. एकदा घाईत नुसतं ‘सिलिका’ लिहिलं. गेटवरच्या मावशींनी विचारलं, ही कुठल्या खोलीतली?

तात्या हसले, पण हसून मुद्दा सोडणाऱ्यांतले ते नाहीत.

तात्या : तुला गेट जाचलं, कबूल. पण तुझ्या आईनं तुला पुण्याला पाठवलं ते कशाच्या भरवशावर? विद्यापीठाच्या मानांकनावर? तिनं आधी भिंतीची उंची बघितली, मग गेटवरचा रखवालदार बघितला, मग पैसे भरले. गावाकडच्या किती मुली निव्वळ त्या गेटच्या जिवावर बाहेर पडल्या, ते मोजायला हवं.

भाची : खरं आहे. आईनं खरंच भिंत बघितली होती. पण मी आले तेव्हा चोविसाची होते, आता एकोणतीस. एम.एस्सी.च्या पोरांची प्रॅक्टिकल्स घेते, मतदान करते, कर भरायची वेळ आली तर तोही भरीन. यूजीसीच्याच ‘सक्षम’ अहवालात 2013 साली म्हटलं होतं, की सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर मुलांपेक्षा जास्त बंधनं घालू नका. वसतिगृह मला अजून आईच्या नजरेनं बघतं. मी त्याच्याकडे प्रयोगशाळेच्या नजरेनं बघते. तिथे मला झोप मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर हात चुकतो. माझी कॉट हा माझ्या कामाचा भाग आहे तात्या, वजनकाट्यासारखाच.

हे वाक्य तात्यांना लागलं. त्यांनी कप खाली ठेवला.

तात्या : वसतिगृह हे विद्यापीठाचं उपकरण नाही गं. निदान आपल्याकडे ते तसं जन्मलेलं नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं निघत गेली, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. का? शाळा होती, पण शाळेच्या गावात पोराला पाठ टेकायला जागा नव्हती. गावातल्या कुणाच्या ओसरीवर राहायचं तर जात आडवी. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये ‘रयत’ काढली, साताऱ्यात 1924 मध्ये सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली आणलं, एका पंगतीत बसवलं. पीठ संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. पुण्यात 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. यातल्या एकाच्याही डोक्यात ‘सोय’ नव्हती. माणूस घडवायचा होता. तीन वेगळ्या गावांची, तीन वेगळ्या आडनावांची पोरं एका खोलीत कोंबली की पहिले सहा महिने भांडतात आणि मग जन्माची एकमेकांची होतात. स्वतंत्र खोली, स्वतंत्र शेगडी दिलीस की संपलं ते.

भाची : भाऊरावांचं तुम्ही अर्धंच सांगितलंत.

तात्या : राहिलं काय?

भाची : ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नाही म्हणाले, म्हणून बोर्डिंगमधून काढून टाकलं त्यांना. ज्या माणसानं महाराष्ट्राला वसतिगृहं दिली, त्याला वसतिगृहाच्या नियमानंच बाहेर काढलं होतं. त्या दिवशी तिथल्या रेक्टरलाही वाटलंच असेल, की आपण माणूस घडवतोय.

मी स्वयंपाकघरात आणखी चहा टाकायला उठलो. तात्यांना उत्तर शोधायला वेळ हवा असला, की मी चहा टाकतो.

परत आलो तेव्हा वाद वसतिगृहाच्या इतिहासावरून मुदतीवर आला होता. ते बरंच झालं. खरं दुखणं तिथंच आहे.

भाची : यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत. म्हणजे कागदावर मी आठ वर्षांपर्यंत विद्यार्थिनी आहे. आमच्या वसतिगृहात मात्र पाचच वर्षं. उरलेल्या वर्षांत संशोधन करायचं, पण झोपायचं नाही?

तात्या : पाच वर्षांत संपवायचं.

भाची : संपवणं माझ्या हातात आहे का? एक रसायन मागवलं की यायला तीन महिने लागतात. शोधनिबंध पाठवला की परीक्षक सात महिने बोलत नाहीत. मधलं एक वर्ष तर उपकरण बंद होतं, दुरुस्तीची फाईल फिरत होती. यातल्या कुठल्या दिवसाला मी आळशी होते ते दाखवा.

तात्या : तू आळशी होतीस असं म्हणत नाही. पण तुझ्या खोलीच्या दाराबाहेर कोण उभं आहे, ते तुला दिसत नाही. मला अकरा वर्षं तेवढंच दिसत होतं. दर जूनमध्ये यादी लागायची. यादीखाली प्रतीक्षा यादी. तिच्यातलं पोरगं वडिलांना घेऊन यायचं. वडील चप्पल दाराबाहेर काढून ऑफिसात उभे राहायचे, बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. आणि मला ठाऊक असायचं, की वर चौदा नंबरमध्ये एक महाशय मुदत संपून दीड वर्ष झालं तरी पॅरासाईट म्हणून पडलेत.

इथं एक खुलासा. ज्याच्या नावावर खोली नाही आणि जो मित्राच्या खोलीत दोन कॉटच्या मध्ये सतरंजी टाकून राहतो, त्याला पुण्याच्या वसतिगृहांत ‘पॅरासाईट’ म्हणतात. शिवी म्हणून नाही, हुद्दा म्हणून. रात्री तपासणी आली की तो गच्चीवर जातो, किंवा कपाटामागे.

दुसराही खुलासा मीच केला, कारण तात्यांनी तो केला नसता.

मी : तात्या, तुम्हीही होतात की. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

भाची : काय? रेक्टरसाहेब पॅरासाईट?

तात्या : होतो. सात महिने. ज्याच्या खोलीत होतो तो सोलापूरचा, गणिताचा. माझ्या दिव्यामुळं त्याला झोप नाही, त्याच्या पहाटेच्या गजरामुळं मला. त्याच्या डब्यात मी अर्धा वाटेकरी. त्या वर्षी मला पहिला वर्ग मिळाला आणि तो नापास झाला. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. पुढं रेक्टर झालो तेव्हा पॅरासाईट दिसला की मला तो सोलापूरचा आठवायचा. तुम्हाला वाटतं रेक्टर निर्दय असतो. फुकटची कॉट कुणीतरी भरत असतं, हे मी भोगून शिकलोय. माझ्या बाबतीत ती त्यानं भरली.

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. गोणीची सुतळी सोडत बसली.

भाची : मग सांगा, तुम्ही सात महिने तिथं का राहिलात?

तात्या : पेठेत कॉटबेसिसवर राहायचे पैसे नव्हते म्हणून.

भाची : तेच म्हणतेय मी. तुमच्याकडे पैसे नव्हते आणि वसतिगृहाकडे कॉट नव्हती. त्यात तुमच्या मित्राचं वर्ष गेलं. यात चूक तुमची कमी, कॉटची जास्त. मुदतीचा नियम कडक करून एक जण आत येतो आणि एक बाहेर जातो. बेरीज तीच राहते. दिल्लीच्या जेएनयूत विवाहित संशोधकांसाठी महानदी नावाचं वसतिगृह आहे. पवईच्या आयआयटीतही विवाहित संशोधकांना राहायला जागा आहेत. तिथं कुणीतरी मान्य केलं, की पीएच.डी. करणारा माणूस हा तिशीचा माणूस असतो, त्याला नवरा-बायको असू शकते.

तात्या : आणि इथंच मला हिशेब मांडू दे. एका जोडप्याला खोली, मोरी, ओटा द्यायचा, तर जेवढी जागा लागते तेवढ्यात चार मुली राहतात. पैसा तेवढाच, जमीन तेवढीच. तू चौघींना हो म्हणतेस की एका जोडप्याला? त्या चौघींमधली एक नंदुरबारहून आलीय. तिला नाही म्हटलं, तर ती तुझ्यासारखी सांगवीत खोली बघत नाही. ती परत जाते आणि मेमध्ये तिचं लग्न होतं.

याला सोपं उत्तर नाही, आणि भाचीनंही ते दिल्याचा आव आणला नाही.

भाची : चौघींना. आधी चौघींना. पण मग मला बाहेर काढताना ‘जा, शहर मोठं आहे’ असं म्हणू नका. शहर कसं आहे ते ऐका. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं. नवरा चाकणच्या कंपनीत, तिघांबरोबर एका खोलीत राहतो. मी वसतिगृहात. दीड वर्ष आमचं घर म्हणजे रविवारची संभाजी बाग. पाऊस आला की घर बंद. लग्नाआधी, मुदत संपायची भीती वाटायला लागली तेव्हा, मी नऊ जागा बघितल्या. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा, नॉनव्हेज करता का? तिसरा, एकट्याच? मग आम्ही कळवतो. यंदा लग्नाचा दाखला घेऊन गेले, तर आठवड्यात जुन्या सांगवीत वन रूम किचन मिळालं. पीएच.डी.ला खोली मिळाली नाही तात्या, मंगळसूत्राला मिळाली.

तात्या : आडनाव अजून विचारतात?

भाची : आता गोड आवाजात विचारतात. बाबासाहेब 1917 मध्ये कोलंबियात शिकून बडोद्याला नोकरीला आले. राहायला जागा कुणी देईना, म्हणून पारशाच्या सराईत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला लावली. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर ते कमाठीबागेत बसून राहिले. बागेत बसण्याचं सुख मला थोडं कळतं, पण ते बसणं वेगळं होतं. पुढे लंडनला शिकायला परत गेले, तेव्हा 1921-22 मध्ये 10, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये विकत घेतलं, स्मारक केलं. योग्यच केलं. पण ते आहे काय? एका संशोधक विद्यार्थ्याची राहायची जागा. आपण तिचं मोल ओळखतो, फक्त शंभर वर्षं उशिरा.

तात्या : सरकार काहीच करत नाही, असंही नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. वर्षाला 60,000 रुपये मिळतात पुण्या-मुंबईत.

भाची : त्याचीच फोड करू. योजना आली तेव्हा ठरलेले हिस्से असे : जेवण 32,000, राहणं 20,000, इतर निर्वाह 8,000. राहण्याचे वीस हजार भागिले बारा. महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास. माझ्या सांगवीच्या खोलीचं भाडं 11,000, डिपॉझिट 40,000, एजंटाला एक भाडं. म्हणजे किल्ली हातात येण्याआधी 62,000. ज्यांना जेआरएफ ही फेलोशिप आहे त्यांना 2023 पासून महिन्याला 37,000 आणि वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता. चांगलं आहे. पण ती सगळ्यांना नसते, आणि ज्यांना कुठली ना कुठली फेलोशिप असते त्यांनाही दर महिन्याला मिळेलच असं नाही. माझी चार-चार महिन्यांनी एकदम येते. घरमालकाचं भाडं मात्र पाच तारखेला.

तात्या : मग तुझं म्हणणं काय, एका वाक्यात सांग. मास्तर आहे मी, निबंध नको.

भाची : कॉट चौघींना द्या. पण मला बाहेर काढायचा दिवस कॅलेंडरनं न ठरवता कामानं ठरवा. प्रबंध जमा झाला की महिनाभरात मी स्वतः किल्ली आणून देईन.

तात्या : आणि दहा वर्षं जमा नाही केलास तर?

भाची : मार्गदर्शकांनी दर सहा महिन्यांनी लिहून द्यावं, की काम चालू आहे. तसाही प्रगती अहवाल द्यावाच लागतो. तोच कागद वसतिगृहात चालला पाहिजे.

तात्या : म्हणजे तुझी कॉट मार्गदर्शकाच्या सहीवर. आधी एक रेक्टर होता, आता दोन झाले. ज्या मुलीचं मार्गदर्शकाशी पटत नाही, तिचं काय?

हे भाचीच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मार्गदर्शकाच्या हातात प्रबंध असतो, शिफारसपत्र असतं. त्यात झोपायची जागाही द्यायची म्हणजे मुलीनं तोंडच उघडायचं नाही. अकरा वर्षं वसतिगृहात काढलेल्या माणसालाच हे सुचतं.

भाची : ठीक. मग सही विभागाच्या समितीची. एका माणसाची नको.

तात्या : हे चालेल. आणि शेवटच्या वर्षासाठी एक मजला वेगळा. तिथं शेगडीला परवानगी.

भाची : वायरिंग?

तात्या : आधी वायरिंग.

अडीच तासांत दोघांचं एवढ्यावर जमलं : एक समिती, एक मजला, एक वायर. मला वाटलं, आता माझ्यासारख्यानं समारोपाचं काही बोलायला हरकत नाही. म्हणालो, विद्यापीठानं थोडं करावं, सरकारनं थोडं करावं, आणि समाजानंही...

भाची : समाजानं म्हणजे कुणी मामा? तुमच्या वारज्याच्या फ्लॅटच्या जाहिरातीत काय लिहिलंय?

वारज्याला आमचा एक वन बीएचके आहे. निवृत्तीची तरतूद. सध्या तिथं एक कुटुंब राहतं, करार ऑक्टोबरात संपतो. पुढच्या भाडेकरूसाठी मी दोन आठवड्यांपूर्वीच जाहिरात टाकली होती. तिच्यात लिहिलं होतं : ‘फक्त फॅमिली. विद्यार्थी, बॅचलर क्षमस्व.’ लिहिताना मी विचारसुद्धा केला नव्हता. सगळे लिहितात. सोसायटीच्या सभेत ठराव नाही, कुणाची तक्रार नाही, नुकसान झाल्याचा अनुभव नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदलेला असावा, एवढी माझी जबाबदारी सांगितली आहे. भाडेकरूचं लग्न झालेलं असावं, असं त्यात कुठं नाही.

तात्या माझ्याकडे बघत होते. पोतंभर शेगड्या जप्त केलेली ती नजर.

सोमवारी भाची प्रयोगशाळेत गेली. जाताना सांगून गेली, की तिच्या कॉटवर यायची मुलगी गडचिरोलीची आहे, गणिताची आहे आणि गादी आणायची नाही असं तिला कळवलंय. म्हणून सुतळीनं बांधलेली ती गादी पुन्हा वसतिगृहात गेली. शेगडी मात्र सांगवीला जाणार आहे. दुपारी मी जाहिरात उघडली आणि ‘फक्त फॅमिली’पासून ‘क्षमस्व’पर्यंतची ओळ काढून टाकली. भाडं होतं तेवढंच ठेवलं आहे.